मुक्या स्वराला कान द्या



हार्बर लाइनच्या गाडीत आपण शेवटच्या स्थानकाचं नाव कसं घेतो, ते जरा ऐका. 'पनवेल' लिहिताना अक्षरं चार, पण तोंडातून ठोके दोनच पडतात: पन्, वेल्. 'न'मधला आणि 'ल'मधला अ आपण गिळतो. बोलण्यात ते योग्यच आहे. कवितेत मात्र हा गिळलेला स्वर पुन्हा जागा होतो, आणि तो ऐकू येणं हा मोठा आनंद आहे.

फ्रेंचांकडेही असंच आहे. शनिवारला पॅरिसचा माणूस 'साम्-दी' म्हणतो. मधला ए फक्त कागदावर राहतो. त्याला मुका ए असंच नाव आहे. पण रासीनचं 1677 सालचं 'फेद्र' हे नाटक घ्या. त्याच्या ओळीत बारा उच्चारखंड, सहाव्यानंतर यती, म्हणजे छोटा थांबा. हे बारा भरायचे तर दोन व्यंजनांमध्ये आलेला मुका ए नटाला हलकेच उच्चारावाच लागतो. पुढे स्वर आला तर तो त्यात विरतो, ओळीच्या शेवटी मोजलाच जात नाही.   

आता आपला अभंग. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरं. बोलताना 'पंढरपूर' तीन ठोक्यांत संपतं, अभंगात त्याची पाच अक्षरं मोजावी लागतात. माधव जूलियनांनी 1927 सालच्या 'छंदोरचना' ग्रंथात वृत्त, जाती आणि छंद वेगळे करून दाखवले. अभंग हा छंद. छंदात लघू-गुरूचा भेद उरत नाही, प्रत्येक अक्षर लांबवून गुरू होतं. म्हणूनच टाळ-मृदंगाच्या संथ ठेक्यावर अभंग इतका प्रशस्त वाटतो. मला ही आपल्या संतकवितेची फार मोठी श्रीमंती वाटते. घाईघाईने, गद्यासारखी अक्षरं खाऊन म्हटलेला अभंग कितीही सुरेल असला तरी अपुराच.

गाडीत भजनी मंडळ भेटलं, किंवा गावात सप्ताह बसला, तर चाल थोडी बाजूला ठेवा. एकेका अक्षरावर बोट टेकवत चरणातली अक्षरं मोजा. ती पुरी भरली की नाहीत, ते तुमचं तुम्हालाच कळेल.