काचेच्या कॅबिनेटमधली समई

आम्ही दोघी सख्ख्या जावा. कराडपासून तासाभराच्या वाटेवर एका बाजारच्या गावात आमचं छोटंसं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, पंखे आणि गेली काही वर्षं कम्प्युटर. आमच्यातल्या थोरलीनं आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय, धाकटी आधी ब्लाउज शिवायची. दुकानात शिरणारं गिऱ्हाईक अजूनही आमच्या खांद्यावरून मागं बघतं आणि विचारतं, ‘‘मेकॅनिक कुठं गेलेत?’’ आम्ही म्हणतो, ‘‘बसा, आलेच.’’ आणि कामाला लागतो.

आज तुम्हाला एका नव्या कामाची गोष्ट सांगायची आहे. हल्लीची पोरं कम्प्युटरच्या कॅबिनेटला एका बाजूनं काच घेतात आणि आत रंगीत दिवे लावतात. ते दिवे आम्ही बसवून देतो. नुसते बसवत नाही, ते कसे उजळायचे, कसे विझायचे, तेही आम्हीच ठरवून देतो. आमच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, ‘‘म्हणजे गणपतीच्या माळाच की गं.’’ आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं, आणि तिथंच आम्ही फसलो.

गणपतीच्या साध्या माळेत सगळे दिवे एका हुकमावर चालतात. लागले तर सगळे, विझले तर सगळे, फार तर दोन-तीन गटांत. या पट्टीचं तसं नाही. हिच्यातला प्रत्येक दिवा म्हणजे ५ मिलिमीटरचा पांढरा चौकोन, आणि त्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारके दिवे असतात. शिवाय एक चिपही असते, डोळे बारीक करून बघितलं तर काळा ठिपका दिसतो. प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या. तिन्हींचा गुणाकार केला तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग होतात. आम्ही त्यातले आठ-दहाच वापरतो, ते सोडा.

हुकूम पोचतो तो असा. पंगतीत पहिल्या पाटावरच्या बाईच्या हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा द्यायचा. ती वरची एक आपल्यापुढं ठेवते, बाकीचा गठ्ठा शेजारणीला देते. तसंच इथं. पहिला दिवा आपल्यापुरता रंग काढून घेतो आणि उरलेला निरोप पुढं ढकलतो. त्यामुळं एका तारेवर पन्नास दिवे पन्नास रंगांत लावता येतात. पण मधली एक बाई उठून गेली तर? पुढची सगळी पंगत उपाशी. एक दिवा मेला की त्याच्या पुढचे सगळे गप्प होतात. गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘अर्धी पट्टी गेली.’’ बहुतेक वेळा एकच गेलेला असतो. तो कात्रीनं कापून नवा जोडला की झालं.

आता फसलो कसे ते. आमचं पहिलं असं काम एका लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोराचं होतं. आई खानावळीत पोळ्या लाटते. भिशीचा नंबर लागला तेव्हा ते सगळे पैसे तिनं पोराच्या कम्प्युटरला घातले होते. मशीन चांगलं, काचेचं कॅबिनेट. पोरगं म्हणालं, ‘‘काकू, आत लाइट टाका, रेडीमेड नको, सगळ्यांकडं दिसतं तसं नको.’’

मदरबोर्डवर दिव्यांसाठी दोन प्रकारच्या जागा असतात. एक तीन पिनांची, ५ व्होल्टची. तिच्यात चार पिनांची जागा असते, पण मधली एक पिन काढलेली असते. दुसरी सरळ चार पिनांची, १२ व्होल्टची. विकतच्या प्लगला एक भोक बुजवलेलं असतं, म्हणून चुकीच्या जागी तो बसतच नाही. आमचा प्लग मात्र घरी बनवलेला, भोक न बुजवलेला. कॅबिनेटच्या तळाशी अंधार, बोर्डवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि संध्याकाळी मशीन द्यायची घाई. आम्ही ५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टवर लावली. बटण दाबलं, एकदा निळसर लखलख झालं आणि मग तो वास. जळक्या प्लॅस्टिकचा वास तुम्हाला माहीत आहे, पण दुसऱ्याच्या भिशीच्या पैशांच्या वस्तूतून तो आला की पोटात गोळा येतो.

वायर ओढून काढली. पट्टी गेली होती, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस दिवे. काळजाचे ठोके मोजत मशीन परत चालू केलं, तर चालू झालं. पण ती दिव्यांची जागा मात्र त्यानंतर कधीच चालली नाही. आमच्यात त्या रात्री थोडं वाजलं. धाकटी म्हणाली, ‘‘पोराला सांगू, ती जागा आधीपासूनच खराब होती.’’ थोरलीही लगेच नाही म्हणाली नाही, हे खरं सांगायला हवं. लग्नसराई होती, त्या मशीनवर त्याचं पोट होतं, आणि बोर्ड बदलून द्यायची आमची ऐपत नव्हती. सकाळी दोघी त्या खानावळीत गेलो आणि त्याच्या आईला सगळं सांगितलं. तिनं लाटणं थांबवलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘मशीन चालतंय नव्हं?’’ चालतंय म्हटल्यावर म्हणाली, ‘‘मग दिवं नीट लावून द्या. पैसं निम्मं देईन.’’ आम्ही घेतलेच नाहीत.

आता बोर्डवरची जागा गेली म्हटल्यावर दिव्यांना हुकूम द्यायला दुसरं काहीतरी हवं होतं. त्यासाठी आर्डुइनो नॅनो म्हणून एक चिमुकला बोर्ड मिळतो, काडेपेटीपेक्षाही अरुंद. कम्प्युटरवर त्याचा प्रोग्रॅम लिहायचा, यूएसबीच्या वायरनं त्यात भरायचा, की तो एकटा काम करत राहतो. फास्टएलईडी नावाची मोफत लायब्ररी असते, तिच्यात दिव्यांच्या आज्ञा तयार मिळतात. आम्ही त्यावर महिनाभर रात्री बसलो. बोर्ड जळला नसता तर आम्ही हे शिकलोच नसतो, पण म्हणून जळलं ते बरं झालं असं काही आम्ही म्हणणार नाही.

तेव्हापासून पहिलं काम हिशेबाचं. पट्टी हातात घेण्याआधी वही. एक दिवा पूर्ण पांढरा लागला, म्हणजे तिन्ही रंग पूर्ण, तर कागदावर ६० मिलिअँपिअर धरायचे. मीटरला ६० दिव्यांची पट्टी असेल तर एका मीटरला ३.६ अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टला १८ वॅट. मदरबोर्डची ५ व्होल्टची जागा साधारण ३ अँपिअरपर्यंत देते, आणि तेही बोर्डाच्या पुस्तिकेत बघूनच. यूएसबी तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून दिव्यांची वीज आम्ही सरळ एसएमपीएसमधून घेतो. मोठ्या चार पिनांच्या प्लगमध्ये लाल वायर ५ व्होल्टची, पिवळी १२ ची, मधल्या दोन काळ्या ग्राउंडच्या. तरी रंगावर विश्वास नाही. दर वेळी मल्टिमीटर लावतो, आकडा मोठ्यानं वाचतो, दुसरी ‘हो’ म्हणते, मगच जोडतो. नॅनोचं ग्राउंड आणि पट्टीचं ग्राउंड एकत्र जोडायला विसरलात तर दिवे वेड्यासारखे कसेही लुकलुकतात. हे आमचं दोनदा झालंय. हुकमाच्या तारेत पहिल्या दिव्याजवळ ३३० ते ४७० ओहमचा एक रेझिस्टर घालतो, आणि वीज जिथं पट्टीत शिरते तिथं १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. त्याची उलटसुलट बाजू असते, बघून लावावा.

लांब पट्टीत शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी पिवळट-तांबूस दिसायला लागले तर पट्टी खोटी निघाली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. वाटेत वीज थोडी पडते, आणि निळ्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून निळा आधी मान टाकतो. दुसऱ्या टोकाकडूनही लाल-काळी जोडली की पांढरा परत पांढरा होतो.

आता त्या पोराला हवं होतं ते ‘सगळ्यांकडं नाही असं’. आम्ही विचार करत होतो आणि देवघरात समई लागलेली होती. थोरली म्हणाली, हीच लावू. म्हणायला सोपं! पहिल्या प्रयत्नात लाल पूर्ण आणि हिरवा निम्मा घेतला, तर लिंबाच्या सालीसारखा रंग आला. हिरवा उतरवत उतरवत नव्वदच्या आसपास आणला, निळा जवळजवळ शून्य, तेव्हा कुठं ज्योतीचा रंग दिसला. मग हलण्याचा प्रश्न. प्रत्येक दिवा वाटेल तसा कमी-जास्त केला, तर बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखं फडफडलं. सासूबाईंनी बघून तोंड फिरवलं.

मग दोघी खरोखर समईपुढं बसलो, वही घेऊन. किती वेळा हलते, किती वेळ स्थिर असते. आणि कळलं की ज्योत बहुतेक वेळ हलतच नाही. शांत असते. कुणी दारातून गेलं की एकदा झुकते, दोन-तीन वेळा थरथरते आणि परत उभी राहते. आणि सगळी मिळून हलते, तिचा एक कण इकडं आणि एक तिकडं असं होत नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये शेजारच्या दिव्यांना एकमेकांच्या जवळ ठेवलं, बदल हळू केला, आणि मध्येच कधीतरी एक झुळूक घातली. ती किती सेकंदांनी येईल ते दर वेळी वेगळं. ठरावीक वेळानं आली की डोळ्याला लगेच कळतं.

आणखी एक गंमत. आकड्यात निम्मं केलं म्हणजे डोळ्याला निम्मं दिसत नाही. १२८ वर दिवा जवळजवळ पूर्ण लागल्यासारखाच भासतो, आणि खालच्या चार-पाच आकड्यांत एकदम अंधार होतो. त्यामुळं हळूहळू विझणारा दिवा शेवटी धपकन पडतो. त्यासाठी आकडे सरळ जिन्यासारखे न घेता खाली बारीक आणि वर मोठ्या पायऱ्यांचे घ्यावे लागतात. त्याचं तयार कोष्टक असतं.

दिवे नुसते काचेतून दिसले तर ठिपके ठिपके दिसतात. पुढं दुधी ॲक्रिलिकची पट्टी लावतो, चिकटवून नाही, दीड-दोन सेंटिमीटर अंतर सोडून. दोन दिव्यांत जेवढं अंतर, निदान तेवढं तरी पडद्याचं अंतर ठेवलं की उजेड एकसारखा पसरतो. वायरी दिसू नयेत म्हणून कडेनं नेणं हे काम धाकटीचं. अस्तर लपवून शिवायची सवय तिथं कामाला आली.

कुणाला करून बघावंसं वाटलं तर दोन-चार गोष्टी. प्लग भिंतीतून काढल्याशिवाय कॅबिनेटमध्ये हात घालू नका. धातूच्या बांगड्या, अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घाला, पदर खोचा. सोन्याची साखळी पिवळ्या आणि काळ्या वायरीवर एकाच वेळी पडली तर ठिणगी सोन्याचा भाव बघत नाही. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्यात वीज साठून राहते. आपल्याकडच्या सोल्डरच्या तारेत बहुधा शिसं असतं. काम झालं की साबणानं हात धुवा, मगच भाकरीला किंवा लेकराला हात लावा. दिवस गेले असतील तर हे काम दुसरीला द्या. धूर तोंडावर घेऊ नका, पंखा बाजूनं बाहेरच्या दिशेला लावा.

त्या पोराचं मशीन दिलं. आठवड्यानं त्याची आई दुकानात आली. आम्हाला वाटलं, गेलं काहीतरी. ती म्हणाली, ‘‘दिवं चांगलं हायत, पण रातभर मशीन चालतं, आन् आम्ही त्याच खोलीत निजतो. डोळ्यावर येतंय.’’ व्हिडिओ तयार व्हायला रात्र रात्र लागते, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पहाटे चारला उठते. आम्ही म्हटलं, बटण बसवतो, बंद करत जा. तर म्हणाली, ‘‘पार बंद नगं. उठल्यावर स्टोव्ह दिसण्यापुरतं ऱ्हाऊ द्या.’’

मग उजेड ओळखणारा एक बारका सेन्सर घातला. खोलीतला दिवा घालवला की आतले आपोआप मंद. पहिल्यांदा तो आम्ही काचेच्या बाजूला लावला, तर त्याला स्वतःच्याच पट्टीचा उजेड दिसायचा आणि खोलीत दिवा आहे असंच त्याला वाटायचं. तो कॅबिनेटच्या मागच्या अंगाला नेला तेव्हा जमलं. रात्रीचा आकडा ठेवला लाल ६ आणि हिरवा २. एवढ्या खाली हलवायला पायऱ्याच उरत नाहीत, एक पायरी बदलली तरी धक्का दिसतो. म्हणून रात्री ती ज्योत हलवत नाही, स्थिर ठेवलीय. पोराला ते थोडं आवडलं नव्हतं. आईनं सांगितलं, राहू दे.