रानातला गुण बागेतल्या झाडात

(लासलगाव येथे शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



लासलगाव परिसरात डोंगळे लावून कांद्याचे घरचे बी धरणारे आपल्यापैकी बरेच जण आहेत. मधमाशीने दुसऱ्या वाणाचा पराग आणला की बियाण्याची शुद्धता जाते, हे आपण जाणता. हाच संकर हेतू धरून केला, तर रानटी झाडातील एखादा गुण बागेतल्या झाडात आणता येतो.

गुलाबाचेच पाहा. वारंवार फुलणाऱ्या गुलाबांत गडद पिवळा रंग दुर्मिळ होता. फ्रान्समधील पेर्ने-द्युशे यांनी इराणकडील पिवळ्या गुलाबाशी संकर करून १९०० साली 'सोलेय दोर' हा वाण दिला. मात्र रंगाबरोबर पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याचा दोषही आला. रानटी झाड गुण देते, तसे अवगुणही देते.

आपल्याकडील उदाहरण भेंडीचे. 'पुसा सावनी' हा लोकप्रिय वाण केवडा रोगाला बळी पडू लागला. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा मॅनिहॉट या रानभेंडीशी संकर केला. ही रानभेंडी पिवळ्या, मध्यभागी जांभळट फुलांची. फळावर मात्र राठ लव. पहिल्या पिढीतील झाडे जवळजवळ वांझ निघाली. म्हणून पुन्हा पुसा सावनीशीच संकर करून, चांगल्या फळांची व निरोगी झाडे निवडत 'परभणी क्रांती' हा वाण तयार झाला. ही रोगप्रतिकारशक्ती एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचे त्यांनी १९८१ मध्ये दाखवले.

पुढे परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. एकाच जनुकाचा आधार कायम पुरत नाही. म्हणून पुढील गोष्टी पाळा :

१. केवडाग्रस्त झाड दिसताच उपटून नष्ट करा. रोगाचा प्रसार करणारी पांढरी माशी आटोक्यात ठेवा.

२. सरळ वाणाचे बी धरताना भेंडीचा दुसरा वाण किमान २०० मीटर दूर असावा. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरू नका.

३. बांधावरील रानभेंडी रोगाला आसरा देऊ शकते, म्हणून ती काढावी लागते. पण केवड्याच्या साथीत एखादे झाड हिरवेगार राहिले, तर त्याची पक्व बोंडे राखा आणि गावाचे नाव लिहून विद्यापीठाकडे पोहोचवा. पुढच्या वाणाला लागणारा गुण त्याच बियांत असू शकेल.