केटलिन क्लार्कचा पहिला सामना आणि आपण काय पाहिलं

मागच्या भागानंतर बरेच मेसेज आले. निम्म्या लोकांचं म्हणणं, तुम्ही केटलिन क्लार्कबद्दल किती बोलता! उरलेले म्हणतात, तिच्याबद्दल बोलायचं असतं तेव्हाच नेमके आखडता हात घेता. म्हणजे दोन्हीकडून मार. म्हटलं, हा वाद जिथून सुरू झाला तिथेच जाऊ. १४ मे २०२४, क्लार्कचा डब्ल्यूएनबीएमधला पहिला सामना. आपल्याकडे १५ तारखेची पहाट, पाच वाजले होते. मी चहा घेऊन बसलो होतो आणि घरचे मला वेड्यात काढत होते.

आधी सामना सांगतो, कारण गंमत अशी की या सगळ्या वादात सामनाच कुणी सांगत नाही. इंडियाना फीव्हर विरुद्ध कनेक्टिकट सन, सामना कनेक्टिकटच्या घरी. हॉल गच्च भरलेला, ८,९१० लोक. त्यांच्या सीझनच्या पहिल्या घरच्या सामन्याला हाऊसफुल्लचा बोर्ड २००३ नंतर पहिल्यांदाच लागला. टीव्हीवर सरासरी २१ लाख प्रेक्षक. क्लार्कने २० गुण केले, १५ पैकी ५ शॉट आत, ३ असिस्ट आणि १० टर्नओव्हर. म्हणजे दहा वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात. या लीगमध्ये पदार्पणात इतके टर्नओव्हर आधी कुणाचे नव्हते. फीव्हर ९२-७१ ने हरले.

सामना संपायच्या आत आमच्या ग्रुपवर धुमश्चक्री सुरू. आम्ही सात-आठ जण आहोत, कॉलेजपासून बास्केटबॉल बघणारे. एकाने लिहिलं, "फ्लॉप! मीडियाने डोक्यावर चढवून ठेवली होती." दुसरी लगेच, "पहिल्या सामन्यात वीस गुण म्हणजे फ्लॉप? तू कधी खेळलायस का?" तिसरा म्हणे, चूक तिची नाहीच, चॅनेलवाल्यांची आहे, फीव्हरच्या ४० पैकी ३६ सामने राष्ट्रीय चॅनेलवर लावलेत, आदल्या सीझनला हाच संघ १३ जिंकून २७ हरलेला. मुद्दा चुकीचा नव्हता त्याचा. पण उत्तरही तयार होतं: एप्रिलमध्ये कॉलेजची फायनल हिच्यामुळे जवळपास १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. चॅनेलवाले काय धर्मादाय संस्था चालवतात का?

दोन तास हे चाललं. मग आमच्यातला एक, जो एरवी फक्त थम्ब्स-अप टाकतो, त्याने विचारलं, "समोरच्या संघात सगळ्यात भारी कोण खेळलं?"

कुणीच काही बोललं नाही. खरंच सांगतो, कुणालाच धड सांगता येईना. पूर्ण सामना पाहिलेल्या मलाही नाव आठवलं, आकडे नाही.

अलिसा थॉमस. १३ गुण, १० रिबाउंड, १३ असिस्ट. ट्रिपल-डबल! सीझनच्या पहिल्याच रात्री. आणि ही बाई कोण, तर दोन्ही खांद्यांचं लॅब्रम फाटलेलं असताना वर्षानुवर्षं खेळतेय. तिचा शॉट पाहिलात तर वाटतं, ही चेंडू ढकलतेय की टाकतेय? खांदा वर जात नाही म्हणून तो तसा आहे. २०२३ च्या एमव्हीपीच्या मतदानात पहिल्या पसंतीची सर्वाधिक मतं हिला होती, आणि तरी एकूण हिशेबात अवघ्या सात गुणांनी तो मान ब्रिआना स्टुअर्टला गेला. एवढी मोठी खेळाडू. आणि त्या रात्रीवर मी पॉडकास्टचा जो भाग केला, चाळीस मिनिटांचा, त्यात तिच्याबद्दल एक वाक्य आहे. परवा मी तो परत ऐकला. एकच वाक्य, आणि तेही "अर्थात" या शब्दाने सुरू होणारं.

आता तुम्ही म्हणाल, नवख्या खेळाडूकडे लक्ष जाणारच. मान्य. आपणही तेच करतो. १९८९ ची कराची कसोटी घ्या. सचिनचं पदार्पण, १५ धावा, वकार युनुसने त्रिफळा उडवला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. वकारचंही ते पदार्पण होतं, हे थोड्यांना माहीत असतं. कपिलची ती शंभरावी कसोटी होती, हे आणखी थोड्यांना. आणि आपल्या सलील अंकोलाचंही पदार्पण त्याच सामन्यात झालं. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी. म्हणजे नजर एकीकडे खिळणं हे काही अमेरिकन चॅनेलांनी शोधून काढलेलं नाही.

पण फरक बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामाचा पहिला एनबीए सामना झाला. १५ गुण, ५ टर्नओव्हर, त्याचाही संघ हरला. आणि समोर लुका डॉनचिचने ३३ गुणांसह ट्रिपल-डबल केला. नवख्याचा पराभव, समोर ट्रिपल-डबल, अगदी तोच प्रसंग. पण तिथे डॉनचिचची ओळख करून द्यावी लागली नाही. लोकांना तो आधीच माहीत होता, कारण वर्षानुवर्षं दाखवला गेला होता. थॉमस २०१४ पासून या लीगमध्ये आहे. तिला दाखवलंच नव्हतं, तर त्या रात्री २१ लाख लोक तिला ओळखणार कसे? म्हणून मला "क्लार्कला जास्त दाखवलं" ही तक्रार अर्धीच वाटते. त्या रात्री एवढे नवे डोळे आले होते, आणि त्यांना कुणी म्हटलं नाही की जरा उजवीकडेही बघा.

एंजल रीसचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्याच महिन्यात, ३ मेला, शिकागो स्कायचा मिनेसोटाशी सराव सामना होता. क्लार्कचा त्याच दिवशीचा सराव सामना लीगच्या ॲपवर दिसला. रीसचा दिसणार असं ॲपवर लिहिलं होतं, पण दिसला नाही. शेवटी हॉलमध्ये बसलेल्या एका प्रेक्षकाने मोबाईल उंच धरून सामना लाइव्ह दाखवला. थरथरता कॅमेरा, मध्ये लोकांची डोकी. वीस लाखांच्या आसपास व्ह्यूज गेले त्याला! लीगला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेव्हा "लोकांना बाकीच्यांमध्ये रसच नाही" असं कुणी म्हणालं की मी हा फोन आठवतो.

इथे एक अवघड विषय येतोच, टाळून चालणार नाही. लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, क्लार्क गोरी आहे. एजा विल्सन, तोपर्यंत दोनदा एमव्हीपी झालेली, तिने मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की क्लार्कच्या लोकप्रियतेत वर्णाचा भाग मोठा आहे. आमच्या ग्रुपवर यावरून एकजण तडकला, "प्रत्येक गोष्टीत हे कशाला आणता?" मला वाटतं विल्सन बरोबर आहे. आणि क्लार्क मैदानाच्या अर्ध्यातून शॉट टाकते तेव्हा मीही खुर्चीतून उठतो, तेही खरं. एक म्हटलं की दुसरं खोटं होतं, असं का समजायचं?

आणि हे नुसतं मानापमानाचं प्रकरण नाही, पैशाचं आहे. पहिल्या वर्षी क्लार्कचा लीगमधला पगार होता ७६,५३५ डॉलर. जाहिरातींचे पैसे वेगळे, पण ते कुणाला मिळतात? जिला दाखवतात तिला. थॉमससारखीला कॅमेऱ्याबाहेर ठेवणं म्हणजे तिच्या खिशाला हात घालणं आहे. उलट बाजूही सांगतो: सगळ्या संघांना चार्टर विमानं देण्याची घोषणा त्याच महिन्यात झाली, जुलैत टीव्हीचा नवा करार झाला. प्रेक्षक आले त्याचा फायदा सगळ्यांना झाला, हे मी नाकारत नाही.

आता माझी खरी तक्रार. त्या दहा टर्नओव्हरांबद्दल सगळे बोलले, ते का झाले हे फार थोडे. कॉलेजची फायनल ७ एप्रिलला, ड्राफ्ट १५ एप्रिलला, पदार्पण १४ मेला. महिनाही नाही! वेम्बन्यामाला ड्राफ्टनंतर चार महिने मिळाले होते. क्लार्क पास देते तो सहकारी जिथे पोहोचणार आहे तिथे देते, आता उभा आहे तिथे नाही. सहकाऱ्याला ती सवय नसेल तर चेंडू बाहेर. वर कनेक्टिकटचा बचाव अंगावर येणारा. सीझन संपताना ती लीगमध्ये सरासरी ८.४ असिस्टसह पहिली होती, आणि २२३ टर्नओव्हर करून त्याचाही विक्रम तिच्याच नावावर. दोन्ही आकडे एकाच सवयीतून आले. हे "फ्लॉप"वाल्यांनीही सांगितलं नाही आणि "क्वीन"वाल्यांनीही नाही. मीही नाही सांगितलं, तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या नऊपैकी आठ सामने हरलेली फीव्हर २०-२० वर आली, प्लेऑफला पोहोचली, क्लार्क सर्वोत्तम नवखी ठरली. प्लेऑफमध्ये समोर पुन्हा कनेक्टिकट. पहिला सामना २२ सप्टेंबरला, ९३-६९, फीव्हर हरले. अलिसा थॉमसचे १२ गुण, १० रिबाउंड, १३ असिस्ट. पुन्हा ट्रिपल-डबल. दुसराही सामना हरून फीव्हर बाहेर.

त्या मालिकेवर मी भाग केला होता. त्याचं नाव अजून आपल्या यादीत आहे, जाऊन बघा: "क्लार्कचा सीझन संपला".