आधी दावं मोजा

श्रोतेहो, 'उधळणारे शेअर आणि तांत्रिक विश्लेषण' असा विषय मला दिला आहे, आणि दिली आहेत दहा मिनिटं. कँडल, ब्रेकआउट, आर.एस.आय., बोलिंजर बँड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालते. लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर चार्ट ताणणाऱ्यांना सपोर्ट म्हणजे काय हे मी काय सांगणार? मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. कोणता शेअर घेऊ, हे मला सगळे विचारतात. कधी घेऊ, हेही विचारतात. किती घेऊ, हे मात्र कोणी म्हणून विचारत नाही.

कारण त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. खात्यात पन्नास हजार पडून आहेत, शेअर पाचशेला आहे, म्हणजे शंभर शेअर. झालं! आणि स्टॉप लॉस कुठे लावला? तर म्हणे, "मॅडम, मला पाच हजारांच्या वर तोटा सोसत नाही, म्हणून पन्नास रुपये खाली." दुसऱ्याला दोनच हजार सोसतात, म्हणून त्याचा स्टॉप लॉस वीस रुपये खाली. शेअर तोच, चार्ट तोच, दिवस तोच. अहो, तुम्हाला काय सोसतं हे त्या शेअरला कोणी कळवलंय का?

गावाकडे बांधाच्या कडेने जनावर चरायला बांधतात, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. खुंटा ठोकायचा, खुंट्याला दावं, दाव्याला जनावर. गवताची पट्टी आपली, पलीकडे शेजाऱ्याची ज्वारी. आता गरीब गाय असेल तर तिला दोन हात दावं पुरतं. ती तेवढ्यात फिरते, चरते, बसते. पण तेच दोन हात दावं उधळ्या खोंडाला बांधून पाहा. तो काही पळून जायच्या बेतात नसतो, नुसता अंग झटकतो, आणि खुंटा उपटून निघतो. मग आपण म्हणतो, खोंड वाईट. खोंड वाईट नव्हता, दावं आखूड होतं. त्याला पाच हात द्यायला हवं होतं. आणि पाच हात द्यायचं तर पट्टी तेवढीच असल्यामुळे खोंड कमी बांधायला हवेत. दाव्याची लांबी जनावर पाहून ठरते. जनावरं किती, ते आपली पट्टी पाहून. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

शेअरचं अंग झटकणं मोजायची सोय आहे. वेल्स वाइल्डर नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर. १९७८ साली त्यांनी एक पुस्तक काढलं. तुम्ही रोज पाहता तो आर.एस.आय. त्याच पुस्तकातला. त्याच पुस्तकात ए.टी.आर. आहे, अॅव्हरेज ट्रू रेंज, पण आर.एस.आय.च्या पुढ्यात त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तो तेजी सांगत नाही, मंदी सांगत नाही, घ्या म्हणत नाही, विका म्हणत नाही; असल्या गोष्टीला कोण विचारतो? तो एवढंच सांगतो की हा शेअर एका दिवसात साधारण किती रुपये हलतो. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक, एवढ्यावर वाइल्डर थांबले नाहीत. काल शेअर पाचशेला बंद झाला, आज उघडलाच पाचशे तीसला आणि दिवसभर पाचशे तीस ते पाचशे चाळीस एवढाच फिरला, तर हालचाल दहा रुपयांची नव्हे, चाळीसची. रात्रीची उडी धरायलाच हवी. अशी चौदा दिवसांची सरासरी. तुमच्या अॅपमध्ये इंडिकेटरच्या यादीत तो आहे.

आता पेन्सिल घ्या. भांडवल दोन लाख. एका सौद्यात त्यातला एक टक्का गमवायची तयारी, म्हणजे दोन हजार रुपये. ही तुमची गवताची पट्टी. शेअर पाचशेचा, ए.टी.आर. पंचवीस. स्टॉप लॉस दोन ए.टी.आर. खाली ठेवू, म्हणजे पन्नास रुपये खाली, साडेचारशेवर. हे दावं. दोन हजारांना पन्नासने भागा. चाळीस. शंभर नाही, चाळीस शेअर. आता दुसरा शेअर, तोही पाचशेचाच, पण ए.टी.आर. आठ. दावं सोळा रुपयांचं. दोन हजार भागिले सोळा, सव्वाशे शेअर. दोन्ही शेअर पाचशेचेच, एकाचे चाळीस, दुसऱ्याचे सव्वाशे. आणि दोन्हीकडे चुकलात तर तोटा तोच, दोन हजार. ज्यांनी दोन्हींचे शंभर-शंभर घेतले, त्यांनी खोंड आणि गाय एकाच मापाच्या दाव्याने बांधली.

एक टक्काच का, असं तरुण मंडळी नाराजीने विचारतात. हिशेब तुम्हीच करा. दहा सौदे लागोपाठ चुकले, आणि चुकतात बरं का, प्रत्येक वेळी एक टक्का गेला, तर दोन लाखांचे एक लाख ऐंशी हजार उरतात. प्रत्येक वेळी दहा टक्के गेले तर सत्तर हजारही उरत नाहीत. आणि निम्मं भांडवल गेलं की ते परत मिळवायला पन्नास टक्के नफा पुरत नाही, शंभर टक्के लागतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्या सगळ्यांना चार्ट वाचता येत नव्हता, असं मी तरी मानणार नाही.

बरं, निवड. उधळणारा शेअर निवडताना रुपयांतला ए.टी.आर. पाहून फसू नका. चार हजारांच्या शेअरचा ए.टी.आर. साठ, म्हणजे दीड टक्का, तो गायच. पाचशेच्या शेअरचा पंचवीस म्हणजे पाच टक्के, हा खोंड. टक्केवारीत पाहा. दुसरं, जो मोकळा धावतो तोच घ्या. पाच टक्क्यांचं सर्किट असलेला, रोज जेमतेम काही हजार शेअरांची उलाढाल होणारा कागद घेऊ नका. कोणीतरी टिप देतो, रोज वरचं सर्किट लागत असतं, चार्ट कसा जिन्यासारखा सरळ. पण ज्या दिवशी खालचं सर्किट लागतं, त्या दिवशी पडद्यावर नुसते विकणारे असतात, घेणारा शून्य. तिथे ए.टी.आर. काय करणार आणि स्टॉप लॉस काय करणार? ज्यांचे फ्युचर्स-ऑप्शन्स चालतात त्या शेअरना असं ठरावीक सर्किट नसतं आणि उलाढालही भरपूर असते. शिकणाऱ्याने ते शेअर रोखीत घ्यावेत. शेअर घ्या म्हणतेय, ऑप्शन नव्हे.

ब्रेकआउटवर घ्यायचं की सपोर्टजवळ घ्यायचं, यावर तुम्ही खुशाल भांडा. वीस दिवसांचा उच्चांक मोडला आणि उलाढाल नेहमीपेक्षा चांगली वाढली, तर मला पुरतं. मात्र सपोर्ट आणि दावं यांची गाठ घालून पाहा. सपोर्ट साठ रुपये खाली आहे आणि तुमचं दावं पन्नासचं, तर स्टॉप लॉस सपोर्टच्या खाली न्या, पासष्टवर, आणि दोन हजारांना पासष्टने भागा. तीस शेअर. दावं वाढलं, शेअर कमी झाले. लोक इथेच उलटं करतात. शेअर शंभरच ठेवतात आणि दावं आखडतात.

वेळ भराभर चालली आहे. स्टुडिओच्या काचेपलीकडून तीन बोटं दिसताहेत, म्हणजे तीनच मिनिटं उरली.

घेतल्यानंतरचं सांगते. शेअर वर गेला की खुंटा उपटून पुढे ठोकायचा. पाचशेला घेतला, पाचशे ऐंशीवर गेला, तर पन्नास खाली म्हणजे पाचशे तीस, स्टॉप लॉस तिथे आणा. रोज साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावर, शांतपणे. भर बाजारात नको. काही जण या टप्प्यावर दावं तीन ए.टी.आर.चं करतात, खोंडाला लांब पल्ल्याचं चरू देतात. त्यांचंही चूक नाही, त्याची कारणं आहेत, पण ती आता सांगत बसले तर पुढचं राहील. एक नक्की, खुंटा मागे न्यायचा नाही. समजा मधल्या काळात ए.टी.आर. तीस झाला. पाचशे ऐंशी वजा साठ, पाचशे वीस असा हिशेब येतो. म्हणून पाचशे तीसचा स्टॉप लॉस पाचशे वीसवर नेऊ नका. आणि शेअर पडतोय म्हणून आणखी घेऊन अॅव्हरेज करणारे जे काका-मामा आहेत, त्यांना हात जोडून सांगते, दावं तुटलेलं असताना त्याच पट्टीत आणखी जनावरं आणून बांधू नका हो!

बाजाराचा स्वभावही बदलतो. २०२४ ची निवडणूक आठवा. ३ जूनला, एक्झिट पोलनंतर, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी चढला. ४ जूनला, मतमोजणीच्या दिवशी, ४,३८९ अंशांनी पडला. अशा दोन दिवसांनंतर बहुतेक शेअरचे ए.टी.आर. फुगलेले असतात. मेमध्ये जो शेअर चाळीस घेत होतात, तोच त्यानंतर चाळीस घेणार? पुन्हा भागाकार करा. ए.टी.आर. चाळीस झाला असेल तर दावं ऐंशीचं, शेअर पंचवीस. तुम्ही काय करता? बाजार उसळला की जोर चढतो आणि दुप्पट घेता. गवताची पट्टी एका हाताने वाढलेली नाही आणि खोंड दुप्पट.

आता ज्यावर हा भागाकार चालत नाही, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इन्फोसिससारखा शेअर घ्या, चांगला गरीब गाईच्या जातीचा. २०२३ साली १३ एप्रिलला, गुरुवारी, बाजार संपल्यावर कंपनीचे तिमाही निकाल आले. शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी, १७ तारखेला, बाजार उघडला तोच शेअर जवळपास दहा टक्के खाली. गुरुवारी १,३९० च्या घरात असलेल्या शेअरला तुम्ही १,३५० चा स्टॉप लॉस लावला असता, तरी १,३५० ला घेणारा तिथे कोण होता? तुमचा शेअर १,२५०-१,२६० च्या आसपास विकला गेला असता. गाय खुंट्यासकट गेली. म्हणून निकालाची तारीख आधी पाहायची. संचालक मंडळाची बैठक कधी आहे हे कंपनीला शेअर बाजाराला आधी कळवावं लागतं, ते वेबसाइटवर असतं, गुपित नाही. निकालाच्या आदल्या दिवशी एकतर बाहेर पडा, किंवा निम्मे शेअर विका. धरून बसायचंच असेल तर पट्टी दोन हजारांची आहे हे विसरा आणि चार-पाच हजार जातील असं धरून ठेवा. परवडत नसेल तर… पुन्हा तेच, शेअर कमी करा. तुम्ही म्हणाल, बाईंना दुसरं काही येत नाही. येतं, पण तुमची गाडी इथेच अडते.

एक बोट दिसतंय. तुमच्या पत्रांतून एक प्रश्न वारंवार आला होता, त्याचं उत्तर देऊन थांबते. "स्टॉप लॉस लावला होता, भाव खाली गेला, पण शेअर विकलाच गेला नाही, असं कसं?" तुम्ही ट्रिगर आणि लिमिट एकाच भावाला ठेवलीत म्हणून. ट्रिगर साडेचारशे, लिमिटही साडेचारशे. भाव चारशे बावन्नवरून थेट चारशे सत्तेचाळीसवर आला, ऑर्डर जागी झाली, पण साडेचारशेच्या खाली विकायची तिला परवानगीच नाही. ती तशीच पडून राहिली. म्हणून विकायच्या स्टॉप लॉसची लिमिट ट्रिगरच्या खाली ठेवायची. किती खाली, हेही ए.टी.आर.वरूनच काढतात. साधारण पाव ए.टी.आर. धरा, म्हणजे आपल्या पाचशेच्या शेअरला सहा रुपये, पण सकाळी सव्वानऊच्या पहिल्या काही मिनिटांत मात्र… नाही, वेळ संपली. पहिल्या काही मिनिटांचं पुढच्या वेळी, बोलावलंत तर. तोवर एकच शेअर घेऊन ही ऑर्डर लावून पाहा.