क्रिश ४ : ओकेचा शिक्का कोण मारणार?

हेडफोन नीट लावा. बसमध्ये असाल तर खिडकीची काचही ओढून घ्या, कारण आज मी जरा तावातावाने बोलणार आहे.

विषय क्रिशचा. २८ मार्च २०२५ ला राकेश रोशन यांनी जाहीर केलं की 'क्रिश ४' ते स्वतः दिग्दर्शित करणार नाहीत, हृतिक करणार. निर्माते दोघं, ते आणि यशराजचे आदित्य चोप्रा. पंचवीस वर्षांपूर्वी मुलाला हीरो म्हणून आणलं, आता डायरेक्टर म्हणून आणतोय, असा त्या पोस्टचा सूर होता. त्या दिवसापासून आमच्या कंपनीच्या बसमध्ये जो वाद पेटलाय तो काही विझत नाही. बस निगडीहून सुटते, स्पाइन रोडने मोशी, मग नाशिक हायवे, आणि चाकणच्या तळेगाव चौकात जी अडकते ती अडकतेच. एवढ्या वेळात माणूस काय करणार? मोबाइल बघणार, नाहीतर भांडणार.

बसमध्ये दोन पार्ट्या आहेत. मागच्या सीटवाले म्हणतात, "हृतिकने आजवर एक तरी पिक्चर डायरेक्ट केलाय का? डायरेक्ट चौथ्या क्रिशवर हात?" पुढचे म्हणतात, "अरे, त्याच्याएवढा क्रिश कळतो कुणाला? वीस वर्षं तो मुखवटा घालतोय." मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या चुकीच्या जागी भांडतायत. कसं ते सांगतो, पण त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण ऐकणाऱ्यांत अठरा-एकोणीस वर्षांची मंडळी आहेत आणि त्यांना क्रिश फक्त मीममधून माहीत आहे.

'कोई... मिल गया' आला ८ ऑगस्ट २००३ ला. 'क्रिश' २३ जून २००६ ला. 'क्रिश ३' १ नोव्हेंबर २०१३ ला, ऐन दिवाळीत. दुसऱ्या भागाच्या नावात आकडा नव्हता, त्यामुळे एकदम तीन कसा आला म्हणून पोरं गोंधळली होती. जादूवाला सिनेमा पहिला धरायचा, असा तो हिशोब. तिन्हींचा दिग्दर्शक बाप, संगीत काकांचं म्हणजे राजेश रोशन यांचं, हीरो मुलगा. घरचाच कारखाना. राकेश रोशन यांना सिनेमाचं नाव 'क'वरून ठेवायचं वेड, तेही जुनंच.

मराठीत विज्ञानकथा म्हटलं की आधी नारळीकर सर आठवतात. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आपण त्यांच्यावर बोललो होतो. पण ती पुस्तकातली दुनिया. पडद्यावर बाप, मग मुलगा, मग पुढची गोष्ट अशी पिढीजात चाललेली सायन्स फिक्शन आमच्या वयाच्या पोरांना मिळाली ती हीच. म्हणून जीव अडकलाय.

माझा तर जास्तच अडकलाय, त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ २००३ मध्ये सात वर्षांचा होता. बोलायला उशिरा लागला, बेरीज-वजाबाकी डोक्यात शिरायची नाही, एकाच इयत्तेत दोनदा बसला. चाळीतली पोरं त्याला काय काय म्हणायची ते इथे सांगत नाही. 'कोई... मिल गया' टीव्हीवर लागला आणि त्याचं नाव पडलं रोहित. आधी चिडवायलाच. पण गंमत बघा, त्याला ते नाव आवडलं. कुणी "ए रोहित" म्हटलं की तो हसायचा, आणि हसणाऱ्याला चिडवून काय मजा? हळूहळू क्रिकेटमध्ये त्याला लाँग ऑनला उभं करायला लागले, मग आपोआप टीममध्ये धरायला लागले. आज तो भोसरी एमआयडीसीत एका युनिटमध्ये पॅकिंगला आहे. आठ तास उभा राहतो आणि खाडा म्हणून करत नाही.

मोठा झाल्यावर मला त्या सिनेमातली एक गोष्ट खटकायला लागली. रोहितला 'बरा' करायला परग्रहावरून कुणीतरी यावं लागलं. म्हणजे आहे तसा तो चालणारच नव्हता का? हे मी भावाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मला तर आधीचाच भाग आवडतो." आधीचा म्हणजे शक्ती येण्याआधीचा. लहान पोरांच्या टोळीत रमणारा, मोठ्यांच्या जगात बावरणारा रोहित. तेवढा भाग तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतो.

'क्रिश ३' च्या शेवटी रोहित जातो. मुलाला जगवताना बाप जातो. त्या दिवशी थिएटरमधून बाहेर आल्यावर भाऊ घरी पोचेपर्यंत बोलला नव्हता. त्यामुळे बसमधली मंडळी व्हीएफएक्सवर, बजेटवर, व्हिलन कोण यावर बोलतात तेव्हा मला वाटतं, अरे, मालिकेचा जीव त्या काळ्या कोटात नाहीच आहे. तो रोहितच्या चष्म्यात आहे.

आता नवीन डायरेक्टरची भीती. शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. फर्स्ट शिफ्ट सुटते, सेकंड येते, मध्ये दहा मिनिटांचा हँडओव्हर. कुठल्या मशीनला काय दुखणं आहे, कुठला जॉब रिवर्कला ठेवलाय, सगळं लॉगबुकमध्ये लिहिलेलं असतं. नवा माणूस आला म्हणून लाइन बिघडत नाही. लॉगबुक न वाचणारा आला की बिघडते.

स्टार वॉर्समध्ये नेमकं हेच झालं. २०१५ च्या भागात जे. जे. एब्राम्सने प्रश्न टाकला, या रे नावाच्या मुलीचे आईबाप कोण? २०१७ मध्ये रायन जॉन्सन आला, म्हणाला कुणीच खास नाहीत, साधी माणसं. मला ते फार आवडलं होतं. २०१९ मध्ये एब्राम्स परत आला आणि म्हणाला, नाही नाही, ही तर सर्वात मोठ्या व्हिलनची नात. सेकंड शिफ्टने फर्स्टचं खोडलं, थर्डने सेकंडचं. प्रेक्षक मध्ये चेंगरला. आणि त्याच स्टार वॉर्सचा १९८० चा दुसरा भाग जॉर्ज लुकसने नाही, आयर्विन कर्शनरने केला होता. जगभरातले फॅन आजही त्याला डोक्यावर घेतात. 'एलियन' रिडली स्कॉटचा, १९७९ चा. १९८६ चा पुढचा भाग जेम्स कॅमेरॉनने केला आणि तोही क्लासिक ठरला. म्हणजे माणूस बदलला म्हणून वाटोळंच होतं असं काही नाही.

आणि तोच माणूस राहिला म्हणून गॅरंटीही नाही. 'झपाटलेला' घ्या. १९९३ चा पहिला महेश कोठारेंचा, २०१३ चा दुसराही त्यांचाच, तोही थ्रीडीत. तात्या विंचू परत आला, पण लक्ष्या नव्हता. २००४ मध्येच तो आपल्याला सोडून गेला होता. डायरेक्टर तोच असूनही मला तरी घर रिकामं वाटलं.

आपल्या पिंपरीतलंच बघा. टाटा सफारी १९९८ ची, इथल्याच प्लांटची. २०१९ मध्ये बंद झाली. २०२० च्या ऑटो एक्स्पोत 'ग्रॅव्हिटास' नावाने एक गाडी दाखवली, आणि २०२१ मध्ये ती बाजारात आली ती सफारी म्हणून. जुने सफारीवाले खवळले. फोर बाय फोर नाही, जोर पुढच्या चाकांवर, ही कसली सफारी? घेणाऱ्यांनी घेतली, चाकणच्या रस्त्यावर रोज दिसते, गाडी म्हणून तिला मी नावं ठेवणार नाही. पण त्या लोकांचं म्हणणं मला कळतं. त्यांचं भांडण इंजिनिअरशी नव्हतं, नावाशी होतं.

तर हृतिक. त्याला डायरेक्शन येत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हीरो होण्याआधी तो बापाच्याच हाताखाली असिस्टंट होता. 'करण अर्जुन' १९९५ चा, 'कोयला' १९९७ चा. सेटवर चहा नेऊन देण्यापासूनची कामं केलीत. रीतसर अप्रेंटिसशिप झालेली आहे. लॉगबुक त्याच्याइतकं कुणी वाचलेलं नाही, हे पुढच्या सीटवाल्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

माझी भीती वेगळी आहे. लाइनवर ऑपरेटर जॉब काढतो आणि इन्स्पेक्टर तपासतो. दोन वेगळी माणसं. शिफ्टचा पहिला पीस तर क्वालिटीवाल्याने ओके केल्याशिवाय पुढे लाइन चालूच करायची नाही. ऑपरेटर वाईट असतो म्हणून हा नियम नाही. उलट चांगल्या ऑपरेटरलाच स्वतःच्या जॉबवरचा ओरखडा दिसत नाही, कारण जॉब कसा यायला हवा ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. क्रिशमध्ये पडद्यावर बाप हृतिक, मुलगाही हृतिक. आता कॅमेऱ्यामागेही तोच. टेक झाल्यावर "पुन्हा एकदा, हे जास्त झालं" असं त्याला कोण म्हणणार? तिन्ही सिनेमांत हे म्हणायला एक माणूस होता, आणि तो त्याचा बाप होता. पोटच्या पोराला नाही म्हणायची ताकद सेटवरच्या किती जणांत असते?

यावर बसमधल्या एका दादांनी मला अडवलं. म्हणाले, "सचिन पिळगावकरांनी 'अशी ही बनवाबनवी' केलाच ना? स्वतः डायरेक्टर, स्वतः त्यात. रितेशचा 'वेड' विसरलास?" मुद्दा बरोबर आहे. मराठी प्रेक्षकाला हीरो-डायरेक्टरचं नवल नाही. पण 'बनवाबनवी' बघताना पहिलं कोण आठवतं? मला तरी अशोकमामा आणि लक्ष्या. सचिनने सीन दुसऱ्यांना देऊन टाकलेत. तसाच २००७ चा 'तारे जमीन पर'. अमोल गुप्तेंनी लिहिलेला सिनेमा, दिग्दर्शनाची खुर्ची शेवटी आमिरकडे आली, आणि तो स्वतः पडद्यावर येतो कधी? इंटरव्हलच्या आसपास. तोवर सगळा सिनेमा त्या पोराचा. स्वतःला बाहेर ठेवणं ज्याला जमलं त्याला खुर्ची पेलली.

हृतिकला हे जमेल का, यावर खरा वाद घाला. शंभर मजली इमारतीवरून उडी मारणारा सीन तो झकास काढेल, त्यात शंका नाही. पण एखादा बावरलेला पोरगा दोन मिनिटं नुसता वहीकडे बघत बसलाय, आणि त्यात सुपरस्टार हृतिक कुठेच नाही, असा सीन तो एडिटमध्ये ठेवेल का? की यशराजचं बजेट, दिवाळी नाहीतर पंधरा ऑगस्ट, पहिल्या तीन दिवसांचा गल्ला, या गडबडीत तोच पहिला कापला जाईल? 'वॉर २' मध्येही डायरेक्टर बदलला होता, सिद्धार्थ आनंदच्या जागी अयान मुखर्जी. हीरो हृतिक, कंपनी यशराज. अॅक्शन भरपूर होती. पहिल्यासारखा तो चालला नाही, आणि त्यातला एकही शांत सीन मला आज आठवत नाही.

म्हणून माझी सगळी भिस्त हृतिकपेक्षा राकेश रोशन यांच्यावर आहे. घशाचा कॅन्सर निघाला, त्यातून ते उठले, मालिका अर्धवट सोडली नाही. निर्माते म्हणून नाव त्यांचं आहेच. फक्त त्यांनी पोस्टरपुरतं न राहता मॉनिटरसमोर खुर्ची टाकून बसावं, हातात रिजेक्शनचा लाल टॅग घेऊन.

तुमचं काय म्हणणं आहे? एक मिनिटाच्या आतली व्हॉइस नोट पाठवा. प्रश्न एकच : तिन्ही भागांतला असा कुठला सीन आहे, ज्याच्या जवळपासही नव्या माणसाने फिरकू नये? भावाने त्याची नोट आधीच पाठवलीय, पुढच्या भागात ऐकवतो. थर्ड शिफ्ट करून घरी निघालेल्यांनी ऐकता ऐकता झोपू नका, स्टॉप चुकेल.