कोल्हापुरीचं नाव आणि कोल्हापुरीचा घाट



2025 च्या जूनमध्ये मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत चपला दिसल्या, त्या थेट आपल्या कोल्हापुरीसारख्या. आपल्याकडे संताप उसळला. नंतर कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं; पण तोवर घरोघरी एकच प्रश्न होता: कोल्हापुरीला जीआय मिळालंय ना, मग कायदा काय करतोय?

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय, मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात. या मानांकनाचं मुख्य काम नावाचं रक्षण करण्याचं. बाहेरच्या कुणी आपला माल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकला, तर त्याला रोखता येतं. प्राडानं ते नाव घेतलंच नव्हतं; घेतला तो घाट. शिवाय या मानांकनाची सत्ता भारताच्या हद्दीपुरतीच. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तीही फेटाळली गेली. नोंदणीचे मालक दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं आहेत; दाद मागायची तर त्यांनी, असं न्यायालयाचं म्हणणं.

मग घाटाचं रक्षण कोण करतं? 2000 चा डिझाइन कायदा. तो पाहतो फक्त डोळ्यांना दिसणारं रूप: आकार, नक्षी, रेषा, रंगांची मांडणी. शिलाई कशी केली, तळ कसा टिकतो, हे त्याच्या कक्षेबाहेर. आणि रूप नवं हवं. जगात कुठंही आधी प्रसिद्ध झालेलं नको. पिढ्यानपिढ्या चालत आलेली कोल्हापुरी इथं बसतच नाही. यात एक दिलासाही आहे: तोच जुना घाट उद्या कुणी स्वतःच्या नावावर करू पाहिला, तर ती नोंदणी रद्द करून घेता येते.

एक कर्ता आणि एक जन्मतारीख, हे धरून हा कायदा लिहिला गेला. साऱ्या समाजानं मिळून घडवलेल्या वस्तूला त्यात जागा ठेवली नाही. मला ही उणीव फार गंभीर वाटते.

नव्या कामाला मात्र जागा आहे. एखाद्या कारागिरानं वेणीची नवी गुंफण, पट्ट्यावरची नवी नक्षी काढली, तर नोंदणीनंतर 10 वर्षं आणि मुदत वाढवून आणखी 5 वर्षं हक्क मिळतो. व्यक्तीला अर्जाचं शुल्क 1,000 रुपये आहे. पण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरण्याआधी, दुकानात जोड लागण्याआधी अर्ज जायला हवा. नाहीतर नवेपण संपतं. नोंदणी न करता कॉपीराइटवर विसंबावं, तर तिथंही अट आहे: नोंदता येण्याजोग्या डिझाइनचे यंत्रावर वा कारखानी पद्धतीनं 50 हून जास्त नग निघाले, की तो कॉपीराइट संपतो.

हंगामाआधी नवे नमुने काढणाऱ्या आपल्या तरुण कारागिरांना हे कुणी सांगत नाही. महामंडळांनी गावोगावी जाऊन त्यांचे अर्ज भरून द्यावेत, एवढी माझी मागणी आहे.