कोणते वाक्य चुकले, ते सांगा

मी कुंभकोणमहून बोलतो आहे. आजचा विषय आहे ऑनलाइन रोजनिशी आणि तिला लागू होणारे नियम. आपण एखाद्या कंपनीच्या जागेवर आपल्या आठवणी, अनुभव, पाककृती लिहितो. एके दिवशी त्यातले एखादे पान गायब होते आणि पडद्यावर एक ओळ येते: हा मजकूर आमच्या कम्युनिटी गाइडलाइन्समध्ये बसत नाही. कोणता मजकूर, कोणती गाइडलाइन, याचा पत्ता नसतो. माझे मागणे एवढेच आहे की पान काढायचे तर काढा, पण कोणते वाक्य कोणत्या नियमात अडकले ते सांगा.

हे मागणे आमच्यासाठी का महत्त्वाचे आहे, ते आधी सांगतो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापले. १८५५ साली ते संपले, पण त्या काळात इकडे आलेली मराठी घरे कावेरीकाठी अजून आहेत. बडोद्याचे दिवाण म्हणून तुम्हाला ठाऊक असलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. आमची घरातली मराठी पुण्या-नागपूरच्या मराठीहून वेगळी आहे. शाळा तमिळ आणि इंग्रजीतून झाल्यामुळे आमच्यातल्या अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. मग ते मराठी बोल तमिळ अक्षरांत लिहितात. या बोलीत छापलेली पुस्तके फारच थोडी. त्यामुळे लोक आज जे ऑनलाइन लिहून ठेवतात, तोच बहुतेक वेळा तिचा एकमेव लेखी पुरावा असतो.

मीही अशी रोजनिशी लिहितो. आजीची बोलणी, सणांचे पदार्थ, कोणत्या सन्निधी रस्त्यावर कोणाचे घर होते, असे सगळे. मागे तिच्यातली अकरा पाने एका रात्रीत दिसेनाशी झाली. मी विचारणा केली. उत्तरात तेच ठरावीक वाक्य आले. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. तीन आठवड्यांनी पाने परत आली, पण तेव्हाही कारण कळले नाही.

पाने परत मिळाली, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. तक्रार त्यानंतरच्या लिहिण्याची आहे. कशामुळे अडकलो ते कळले नसल्याने मला प्रत्येक ओळीवर संशय येऊ लागला. आजीच्या तोंडी एक सणसणीत शिवी होती, ती गाळली. श्राद्धाचे वर्णन अर्धे ठेवले. औषधी मुळ्यांवरचा मजकूर लिहिलाच नाही. माझी चुलतबहीण माहेरच्या आठवणी लिहीत होती. तिने हा प्रकार पाहिला आणि लिहिणेच बंद केले. तिचे एकही पान कोणी काढले नव्हते.

आता यंत्राची बाजू पाहू. या कंपन्यांकडे रोज येणारा मजकूर माणसांनी वाचून संपणारा नाही, म्हणून पहिली चाळणी संगणक करतो. त्याला इंग्रजी भरपूर शिकवलेली असते, आमची बोली जवळजवळ नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त्यामुळे 'काय' आणि 'गाय' हे दोन शब्द लिहिल्यावर सारखेच दिसतात. तमिळ वाचणाऱ्याला तर तिथे तिसराच शब्द दिसतो, कारण तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चे फळ किंवा भाजी. माणूसही जिथे चकतो, तिथे यंत्र चकले तर नवल नाही. पण चूक होणारच असेल, तर ती दाखवून देण्याची वाट हवी. कारणच सांगितले नाही, तर चूक दाखवणार कशी?

हे फक्त लहान भाषांचे दुखणे नाही. लाइव्हजर्नल ही ऑनलाइन रोजनिशीची एके काळची फार मोठी जागा. मे २००७ च्या अखेरीस तिथे सुमारे ५०० खाती एका झटक्यात बंद करण्यात आली. मुलांच्या लैंगिक शोषणाला थारा मिळू नये, हा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण निवड करताना खात्यावर 'आवडीचे विषय' म्हणून लिहिलेल्या शब्दांवर भिस्त ठेवली गेली. त्यात अत्याचारातून वाचलेल्यांचे आधारगट सापडले आणि नाबोकॉव्हच्या 'लोलिता' कादंबरीवर चर्चा करणारा गटही सापडला. काही दिवसांतच कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली आणि बरीच खाती परत सुरू झाली. पण विश्वास उडाला होता. पुढे तिथल्याच काही जुन्या कर्मचाऱ्यांनी २००९ मध्ये ड्रीमविड्थ ही वेगळी जागा सुरू केली.

आपल्याकडे संदिग्ध नियमाचा धडा पालघरने दिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर बंद पाळला गेला. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले, तिच्या मैत्रिणीने ते लाइक केले, आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ गाजले. त्रास, गैरसोय, अत्यंत आक्षेपार्ह असे मोघम शब्द त्यात होते आणि शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत कैदेची. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. एकाला त्रासदायक वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही, मग नागरिकाने आणि पोलिसाने रेषा ओळखायची कशी, हा त्या निकालातला एक मुख्य मुद्दा होता.

पण तो निकाल सरकारच्या कायद्याबद्दल होता. खासगी कंपनीच्या अटींत तसेच मोघम शब्द असले, तर त्यांना ही कसोटी आपोआप लागू होत नाही. त्यासाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम पाहावे लागतात. तक्रार अधिकारी प्रत्येक मध्यस्थ कंपनीला नेमावा लागतो. त्याने २४ तासांत पोच द्यायची. निकालासाठी मूळ नियमांत १५ दिवसांची मुदत होती. ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत भारतीय वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर आणखी एक बंधन आहे. स्वतःहून मजकूर काढताना त्यांनी लेखकाला कारणासह कळवायचे आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यायची. २०२३ पासून त्यावर केंद्राच्या तक्रार अपील समित्याही आहेत. तक्रार अधिकाऱ्याचे उत्तर आल्यापासून ३० दिवसांत तिथे ऑनलाइन अपील करता येते.

यात एक फट आहे. रोजनिशीच्या अनेक जागा लहान असतात, ५० लाखांच्या खालीच राहतात. कारण सांगण्याचे बंधन त्यांना लागत नाही. आणि मोठ्या कंपनीने 'नियमभंग' एवढा एकच शब्द लिहिला तर कारण दिले म्हणायचे का? माझ्या मते नाही. वाक्य दाखवले तरच ते कारण.

नकार देतानाही कारण सांगितले तर काय होते, याचे उदाहरण आमच्याच गावाचे आहे. श्रीनिवास रामानुजन सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात वाढले. १९१२ मध्ये त्यांचे काम लंडनच्या प्राध्यापक हिल यांच्याकडे पाठवले गेले. हिल यांनी ते उचलून धरले नाही. पण अपसारी श्रेढींच्या बाबतीत हा मुलगा चुकतो आहे असे नेमके बोट ठेवले आणि ब्रॉमविचचा ग्रंथ वाचायला सांगितले. हिल यांना रामानुजनचे सगळे उमगले होते असे नाही. तरी पुढच्या वर्षी हार्डींना लिहिताना रामानुजन यांनी त्या उत्तराचा उल्लेख करून आपली पद्धत वेगळी कशी, ते मांडले. कारण हाती होते म्हणून प्रत्युत्तर देता आले.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. लिहिलेल्या प्रत्येक पानाची प्रत स्वतःच्या संगणकावर किंवा कागदावर ठेवा. पान काढले गेले तर त्या सूचनेचा स्क्रीनशॉट तारखेसह जपा, कारण अपिलाची मुदत तारखेवर मोजतात. आणि तक्रार लिहिताना 'अन्याय झाला' एवढ्यावर थांबू नका. कोणते वाक्य, कोणता नियम, आणि तपासणाऱ्याला ही भाषा येते का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर आले नाही, तर तेही नोंदवा आणि पुढे अपील करा.

चुलतबहिणीला मी हेच सांगितले आहे. तिने सध्या वहीत लिहायला घेतले आहे, तमिळ अक्षरांत, आमच्या मराठीत.